लेडी मॅक्बेथ आणि मराठी रंगभूमीवरील आनंदीबाई

लेडी मॅक्बेथ ही विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) ह्या इंग्रज नाटककाराच्या मॅक्बेथ ह्या शोकात्मिकेतील प्रमुख स्त्रीव्यक्तिरेखा. नाटकाचे लेखन सामान्यतः १६०६ च्या सुमाराचे मानले जाते. ते प्रथम छापले गेले १६२३ मध्ये, ‘फर्स्ट फोलिओ’ ह्या संग्रहात. ज्या नावाने ही व्यक्तिरेखा जगप्रसिद्ध झाली, ते नाव त्या संहितेत कोठेही आढळत नाही. तेथे तिचा निर्देश ‘मॅक्बेथची पत्नी’ वा नुसता ‘लेडी’ असाच आहे. पतीला राजहत्येस प्रवृत्त करणारी स्त्री, ही तिची रूढ ओळख. मराठी वाचकाला ह्या संदर्भात पेशवाईतील आनंदीबाई आठवते, आणि दोघींविषयी एकाच शब्दांत बोलले जाते : नवऱ्याचे कान भरणारी बायको. परंतु मॅक्बेथची संहिता बारकाईने पाहिली, तर हे वर्णन तिला पुरेसे लागू पडत नाही असे दिसून येते. आणि आनंदीबाईच्या बाबतीत तर दंतकथेने मनवळवणीचा प्रसंगच गाळून टाकला आहे.

नाटकाचे कथासूत्र परिचित आहे. स्कॉटलंडचा सेनापती मॅक्बेथ ह्याला तीन चेटकिणी राजपदाचे भविष्य सांगतात. त्यानंतर लवकरच राजा डंकन त्याच्या गढीत पाहुणा म्हणून येतो आणि पत्नीच्या आग्रहाने मॅक्बेथ त्याचा झोपेत खून करतो. कथेचा आधार म्हणजे रॅफेएल हॉलिन्शेड ह्याचा इतिवृत्तग्रंथ (१५७७, दुसरी आवृत्ती १५८७). त्यात मॅक्बेथच्या पत्नीचा उल्लेख अगदी ओझरता येतो : राणी म्हणवून घेण्याची तिला अनावर इच्छा होती व तिने पतीला भरीस घातले, एवढेच. मुक्कामास आलेल्या राजाला मद्यधुंद पहारेकऱ्यांच्या आडून मारण्याचा प्रसंग शेक्सपिअरने त्याच ग्रंथातील दुसऱ्या एका हकीकतीतून, डॉनवाल्ड नावाच्या सरदाराने केलेल्या डफ राजाच्या खुनातून, उचलला. तेथेही सरदाराच्या पत्नीची चिथावणी आहे. ती चिथावणी प्रत्यक्ष कोणत्या शब्दांत, कोणत्या क्रमाने व कोणत्या अडथळ्यांतून झाली, हे दाखविणारा प्रवेश मात्र सर्वस्वी शेक्सपिअरचा.

लेडी मॅक्बेथचा रंगमंचावरील पहिला प्रवेश (अंक १, प्रवेश ५) पतीचे पत्र वाचण्याने होतो. भविष्याची बातमी देणाऱ्या ह्या पत्रात खुनाचा शब्दही नाही. पण ती त्यातून तोच अर्थ काढते. नवऱ्याच्या स्वभावात माणुसकीचा ओलावा अधिक आहे, त्याला मोठेपण हवे पण त्यासाठी लागणारे कपट नको, असे तिचे निदान आहे. त्याच्या कानांत आपले चैतन्य ओतण्याची ती वाट पाहते. हे सर्व खरे असले, तरी ह्याच प्रवेशात ती अशुभ शक्तींना आवाहन करून आपले स्त्रीत्व हिरावून घ्या, पश्चात्तापाच्या वाटा बुजवून टाका, अशी याचना करते, ही गोष्ट दृष्टिआड होता कामा नये. जिच्या अंगी जात्याच क्रौर्य असते, तिला ते मागून घ्यावे लागत नाही. पतीचे मन वळविण्याआधी तिने स्वतःचे मन वळविले आहे, आणि तेही अपुरेच.

ह्यापुढील मनवळवणीचा प्रवेश (अंक १, प्रवेश ७) हा युरोपीय नाट्यवाङ्मयातील ह्या प्रकारच्या प्रवेशांत अग्रगण्य ठरावा. त्याचा आरंभ मॅक्बेथच्या स्वगताने होतो. डंकन आपला आप्त आहे, राजा आहे, पाहुणा आहे, शिवाय सज्जन आहे. ह्या कृत्याला आपल्या महत्त्वाकांक्षेवाचून दुसरे कारण नाही, असे तो स्वतःशी मान्य करतो. पत्नी येताच तो हे प्रकरण येथेच थांबवू असे सांगतो. पण सांगताना त्याने कारण दिले आहे ते वेगळे. राजाने नुकताच आपला सन्मान केला आहे, लोकांत आपली कीर्ती झाली आहे, ती एवढ्यात टाकून का द्यावी, असे तो म्हणतो. स्वगतातील नैतिक कारण तो पत्नीपुढे उच्चारीत नाही आणि तीही त्याला त्याविषयी विचारीत नाही. अवघ्या पन्नासएक ओळींच्या त्या संवादाचा पाया ह्या परस्परांतील मौनात आहे.

तिच्या बोलण्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम ती त्याच्या आशेची टर उडविते : ती आशा दारूच्या नशेत होती काय? लगेच ती ह्या चलबिचलीला त्याच्या प्रेमाचे माप बनविते. नंतर इच्छा आहे पण हिंमत नाही असा भित्रेपणाचा आरोप येतो. मॅक्बेथ प्रतिवाद करतो तो एकदाच, आणि तो मोलाचा आहे : माणसाला शोभेल ते सर्व करण्याची हिंमत आपल्यात आहे, त्यापलीकडे जाणारा माणूसच नव्हे. येथे त्याने ‘मर्द’ ह्या शब्दाला ‘माणूस’ हा अर्थ दिला आहे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे हे शक्य होते. ती तोच शब्द उचलून पुन्हा ‘मर्द’ ह्या अर्थाकडे फिरविते. मग ही मसलत तू माझ्यापाशी काढलीस तेव्हा कोणते जनावर होतास, असे ती विचारते. त्यानंतर येते ते नाटकातील सर्वांत भीषण वाक्य : शपथ घेतली असती, तर अंगावर पिणाऱ्या लेकराचेही डोके आपण आपटून फोडले असते. शपथ पाळणे हा सद्‌गुण आहे. त्या सद्‌गुणाचा उपयोग येथे बालहत्या कल्पनीय करण्यासाठी केला आहे.

ह्यावर मॅक्बेथ विचारतो, आपण फसलो तर? प्रवेशाचा तोल ह्या प्रश्नाने फिरतो. ‘हे करावे काय’ हा प्रश्न मागे पडून ‘हे साधेल काय’ हा त्याच्या जागी आला आहे, आणि ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी तयार आहे : पहारेकऱ्यांना दारू पाजायची, त्यांचेच खंजीर वापरायचे, दोष त्यांच्या माथी मारायचा. मॅक्बेथ हरखून जाऊन तू फक्त मुलग्यांनाच जन्म दे असे म्हणतो व बेतातला एक तपशील स्वतःच पुरा करतो. साऱ्या संवादात तिने खुनाला खून म्हटलेले नाही. ‘हे’, ‘ती मसलत’, ‘ते मोठे काम’ अशा आडपडद्याच्या शब्दांनीच तिने काम भागविले आहे. आपण राणी होऊ ह्याचाही उच्चार ती करीत नाही. हॉलिन्शेडच्या स्त्रीला हवे होते ते राणीपद ही स्त्री वादात आणीत नाही. ती बोलते ती केवळ त्याच्याविषयी.

परंतु ह्यावरून खुनाचे बीज तिने पेरले असे म्हणता येत नाही. चेटकिणींच्या भविष्यातील पहिला भाग खरा ठरल्याचे कळताच, पत्नीची भेट होण्यापूर्वीच, मॅक्बेथच्या मनात खुनाचे चित्र उभे राहते व त्याच्या अंगावर काटा येतो (अंक १, प्रवेश ३). पुढच्याच प्रवेशात राजपुत्र मॅल्कम ह्याला युवराज केल्याचे ऐकून आपल्या काळ्या इच्छा उजेडाला दिसू नयेत असे तो म्हणतो. ही मसलत त्याने आपल्यापाशी काढली होती असे ती सातव्या प्रवेशात म्हणते, तो प्रसंग नाटकात कोठेच नाही, ए. सी. ब्रॅड्‌लीसारख्या समीक्षकांनी त्याची बरीच चिकित्सा केली आहे. तो नाटक सुरू होण्यापूर्वी घडला असो, पत्रातून तिने ताडला असो वा वादात पारडे जड करण्यासाठी तिने रचला असो, मॅक्बेथ तो नाकारीत नाही हे महत्त्वाचे.

येथे भारतीय वाचकाची एक जुनी सवय आड येते. मनवळवणीचा आपला परिचित नमुना मंथरा–कैकेयीचा. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात रामाच्या राज्याभिषेकाची वार्ता ऐकून कैकेयी प्रथम आनंदित होते व मंथरेलाच अलंकार देते. भरताच्या भवितव्याची भीती घालून मंथरेला तिच्या मनात नसलेली इच्छा उत्पन्न करावी लागते. ‘कान भरणे’ हा वाक्प्रचार तेथे नेमका बसतो. मॅक्बेथचे कान रिकामे नव्हते. ईस्किलसच्या ॲगमेम्नॉन (इ. स. पू. ४५८) ह्या ग्रीक शोकात्मिकेतील क्लायटेम्नेस्ट्रा ही आणखी तिसऱ्या जातीची. विजयी होऊन परतलेल्या पतीने जांभळ्या उंची वस्त्रांवरून चालत घरात यावे म्हणून ती त्याचे मन वळविते. तसे करणे देवांना रुचणार नाही हे ठाऊक असूनही काही ओळींच्या झटापटीत तो नमतो व आपल्याच मृत्यूकडे चालत जातो. तिच्या शब्दांना त्याच्या अहंतेची साथ मिळते, पण संकल्प संपूर्णपणे तिचा आहे. लेडी मॅक्बेथपाशी असा स्वतंत्र संकल्प नाही. पतीच्या इच्छेला ती मुदत व आकार देते.

म्हणूनच खुनानंतर तिची ही शक्ती झपाट्याने ओसरते. डंकन झोपेत आपल्या वडिलांसारखा दिसला नसता, तर आपणच वार केला असता, असे ती म्हणते (अंक २, प्रवेश २). आवाहन केलेल्या क्रौर्याने तिला अर्ध्या वाटेवर सोडल्याची ही पहिली खूण. बँक्वोच्या खुनाचा बेत मॅक्बेथ तिला सांगतही नाही. काम झाल्यावर टाळ्या वाजव, तोवर अजाण राहा, असे तिला लाडाने सुनावतो. ज्या स्त्रीच्या वाणीने पहिला खून घडला असे मानले जाते, तिच्यावाचून दुसरा व तिसरा अधिक सहज घडतो. मेजवानीच्या प्रवेशात (अंक ३, प्रवेश ४) बँक्वोचे भूत दिसून मॅक्बेथ भेदरतो, तेव्हा ती तेच जुने शस्त्र काढते : तू मर्द ना? आता त्या शस्त्राला धार उरलेली नाही. त्यानंतर ती एकदम दिसते ती निद्राभ्रमणाच्या प्रवेशात, हातावरचा डाग धूत. तेथील तिचे बोलणे गद्यात आहे. काव्य तिच्या जिभेवरून गेले आहे. त्या प्रवेशाच्या आरंभी दासी वैद्याला सांगते की, ती झोपेतच उठून कागद काढते, त्यावर लिहिते, वाचते, मोहोर करते व पुन्हा बिछान्यावर जाते. त्या कागदावर काय असते, हे नाटककाराने सांगितलेले नाही.

समीक्षेचा इतिहास थोडक्यात असा. सॅम्युएल जॉन्सन ह्याला ही स्त्री केवळ तिरस्करणीय वाटली. तथापि तिने शौर्याच्या झळाळत्या कल्पनेचा आधार घ्यावा, यात त्याने मानवी स्वभावाची मार्मिक जाण पाहिली. लंडनच्या रंगभूमीवर १७८५ पासून ही भूमिका गाजविणाऱ्या सेरा सिडन्झ ह्या अभिनेत्रीने आपल्या टिपणात तिची कल्पना नाजूक, स्त्रीसुलभ सौंदर्य असलेली अशी केली. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र त्या भव्य व उग्रच दिसत. ब्रॅड्‌लीने (१९०४) तिच्या इच्छाशक्तीचा गौरव केला व कल्पनाशक्तीच्या अभावावर बोट ठेवले. सिग्मंड फ्रॉइडने १९१६ मध्ये, यश हाती येताच कोसळणाऱ्या व्यक्तींचे उदाहरण म्हणून तिचा विचार केला. एल्. सी. नाइट्स ह्याने १९३३ मध्ये लेडी मॅक्बेथला मुले किती, असा खोचक प्रश्न शीर्षकातच विचारून पात्रांना खरी माणसे समजणाऱ्या समीक्षेची थट्टा केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्त्रीवादी समीक्षेने मर्दपणाची व्याख्याच हिंसेशी बांधणाऱ्या समाजाकडे लक्ष वेधले. ही दिशा संहितेला धरून आहे. लेडी मॅक्बेथ पुरुषत्वाची जी व्याख्या पतीवर लादते, ती तिने घडविलेली नसून रणांगणावर शत्रूला उभा चिरणाऱ्या मॅक्बेथची पहिल्याच अंकात जी वाखाणणी होते, तिच्यातूनच आली आहे.

मराठीत हे नाटक शिवराम महादेव परांजपे (१८६४–१९२९) ह्यांच्या मानाजीराव (१८९८) ह्या रूपांतराने आले. मराठी रूपांतरकारापुढे एक अडचण होती, तिचा विचार फारसा झालेला नाही. मूळ प्रवेशात पत्नी पतीला कधी एकवचनी, कधी आदरार्थी सर्वनामाने संबोधते. प्रेमाचे माप घेताना व भित्रा म्हणताना ती एकवचनावर येते, जुन्या शपथेची आठवण देताना पुन्हा आदरार्थावर जाते. त्या काळच्या मराठी घरंदाज स्त्रीला ही मोकळीक नव्हती. पतीचे नाव घ्यायचे नाही, त्याला ‘आपण’ म्हणायचे आणि त्याच वाक्यात त्याला भ्याड ठरवायचे, हे तिला साधावे लागते. ह्यात हानी आहे तसा लाभही आहे, कारण आदरार्थी क्रियापदात गुंडाळलेला अपमान मराठीत अधिक झोंबतो. दुसरे असे की, मर्दपणाच्या टोमण्याला मराठीत आयता वाक्प्रचार आहे : हातांत बांगड्या भरणे. स्त्रीने आपल्या सौभाग्यलेण्यालाच पुरुषाच्या लाजेचे चिन्ह करावे, ह्यातील विसंगती शेक्सपिअरच्या नायिकेने आपले स्त्रीत्व काढून घ्या म्हणण्याच्या विसंगतीशी जुळते. (विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत असे बोल स्त्रीवेशातील पुरुष नटाच्या तोंडीच येत, १६०६ च्या लंडनमध्येही ते मुलाच्या तोंडी होते.) आणि बायकोच्या सल्ल्याने चालणाऱ्यासाठी ‘बाइलबुद्ध्या’ हा शब्द ज्या भाषेत रूढ आहे, तिच्यात दोषाची वाटणी नाटक सुरू होण्यापूर्वीच झालेली असते.

ह्या वाटणीचे ठळक उदाहरण म्हणजे आनंदीबाई. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यांचे चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा त्या वेळी वाड्यातच नजरकैदेत होते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी चौकशी करून त्यांना दोषी ठरविले व देहान्त प्रायश्चित्त सांगितले, अशी परंपरा आहे. राघोबांनी गारद्यांना दिलेल्या हुकुमात ‘धरावे’ असे होते व त्यांची पत्नी आनंदीबाई हिने ‘ध’चा ‘मा’ करून ते ‘मारावे’ असे केले, ही कथा सर्वश्रुत आहे. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचारही तिच्यावरून पडला. हा फेरफार तिने केल्याचे कागदोपत्री सिद्ध झालेले नाही.

कथा म्हणून तिचा विचार केला, तर तिच्यात मनवळवणीच नाही हे ध्यानात येते. लेडी मॅक्बेथ पतीच्या तोंडून होकार घेते. दंतकथेतील आनंदीबाईला पतीच्या होकाराची गरजच नाही. तिचे शस्त्र लेखणी, आणि फसविला जातो तो स्वतः पती. त्यामुळे राघोबा पुतण्याला कैद करू पाहणारा, पण खुनापुरता निरपराध ठरतो. गारद्यांशी संधान बांधणे, आपल्या पुतण्यावर भाडोत्री शिपाई घालणे, सत्तेसाठी वर्षानुवर्षे झुरणे ही सर्व एका अक्षराच्या आड जातात. लोकस्मृतीने पेशवे कुळातील पुरुषाला दिलेली ही एक सवलतच म्हटली पाहिजे. शोकात्मिकेच्या दृष्टीने तर ती घातक आहे. ज्याने निवड केलीच नाही, त्याच्या पतनाला शोकात्मिकेचे वजन येत नाही.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) ह्यांनी ह्या विषयावर भाऊबंदकी हे नाटक लिहिले व महाराष्ट्र नाटक मंडळीने ते १९०९ मध्ये रंगभूमीवर आणले. खाडिलकरांचा शेक्सपिअरचा व्यासंग सवाई माधवराव यांचा मृत्यू (लेखन १८९३) ह्या नाटकातच दिसला होता. तेथे हॅम्लेट व ऑथेल्लो ह्यांच्या छाया एकत्र आल्या आहेत. भाऊबंदकीवर मॅक्बेथची छाया आहे व खाडिलकरांच्या आनंदीबाईत लेडी मॅक्बेथचा अंश आहे, असे समीक्षकांनी म्हटले आहे. तथापि दोन नाटकांचे गुरुत्वमध्य वेगळे आहेत. मॅक्बेथमध्ये मन वळविण्याचा संग्राम खुनापूर्वी होतो. भाऊबंदकीत तो मुख्यतः खुनानंतर चालतो आणि त्याला तिसरा पक्ष आहे. दुबळ्या मनाच्या राघोबाला एकीकडून पत्नीची महत्त्वाकांक्षा ओढते, दुसरीकडून रामशास्त्र्यांची निःस्पृह न्यायबुद्धी. मॅक्बेथला त्याचे पाप तोंडावर सांगणारा निर्णायक क्षणी कोणीच भेटत नाही. ते काम त्याच्या स्वगताला करावे लागते. खाडिलकरांनी ते स्वगत जणू शास्त्रीबुवांच्या रूपाने समोर उभे केले. रामशास्त्री व राघोबा ह्यांचा सामना हा नाटकाचा सर्वांत गाजलेला भाग ठरला, ह्याचे कारण हेच.

ह्यामुळे नाटकाला मोठी नैतिक उंची मिळाली. पण आनंदीबाईची बाजू काहीशी उतरली. समोर न्यायमूर्ती उभा राहिला की मनवळवणी ही निव्वळ कुमार्गाची वकिली बनते. प्रेक्षकाचा कौल आधीच ठरलेला असतो व तिच्या बोलण्याची मोहिनी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. लेडी मॅक्बेथ बोलत असताना प्रेक्षक क्षणभर तिच्या बाजूला ओढला जातो आणि त्याची त्याला लाज वाटते. आनंदीबाईच्या बाबतीत तो सुरक्षित अंतरावर राहतो. खाडिलकरांचे प्रयोजनही निराळे होते. सुरत काँग्रेसमधील दुफळी (१९०७) ताजी होती, लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि केसरीच्या ह्या लेखकाला घरभेदाने राज्य कसे बुडते हे दाखवावयाचे होते. मनाच्या अंतर्भागात चाललेल्या देवघेवीपेक्षा त्या देवघेवीचा राज्यावर झालेला परिणाम त्यांना अधिक मोलाचा वाटला असल्यास नवल नाही.

ह्या दोन स्त्रियांना एकाच अभिनेत्रीने वाणी दिली, हा मराठी रंगभूमीवरील एक लक्षणीय योग होय. वि. वा. शिरवाडकर ह्यांच्या राजमुकुट (१९५४) ह्या मॅक्बेथच्या रूपांतरात दुर्गा खोटे (१९०५–९१) ह्यांनी लेडी मॅक्बेथच्या जागी असलेली भूमिका केली. मुंबई मराठी साहित्य संघाच्या भाऊबंदकीत आनंदीबाईही त्यांनीच साकारली. शिरवाडकरांची भाषा कवीची आहे. मूळ नाटकातील प्रतिमांचा भार मराठीत पेलू शकणारे रूपांतर म्हणून राजमुकुटचे महत्त्व आहे. हा भार मनवळवणीच्या प्रवेशात विशेष जाणवतो, कारण तेथे युक्तिवाद प्रतिमांच्याच पोटात दडलेला आहे.

पुढे चित्रपटांनी ह्या व्यक्तिरेखेला आणखी वळणे दिली. अकिरा कुरोसावा ह्या जपानी दिग्दर्शकाच्या थ्रोन ऑफ ब्लड (१९५७) ह्या चित्रपटातील असाजी पतीच्या मर्दपणाला डिवचत नाही. मालकाला तुमचा संशय येईल व तो आधी तुम्हांला मारील, अशी शांतपणे भीती घालते. ही मंथरेची पद्धत. विशाल भारद्वाज ह्यांच्या मकबूल (२००३) मध्ये कथा मुंबईच्या गुन्हेगारी जगात आली आहे. तब्बू ह्या अभिनेत्रीने केलेली निम्मी ही मकबूलची पत्नी नसून टोळीचा म्होरक्या अब्बाजी ह्याची रखेली आहे, त्यामुळे म्होरक्याच्या मृत्यूत तिची स्वतःची सुटका आहे. शेक्सपिअरच्या नायिकेने वादात कधीच न आणलेला स्वार्थ येथे उघड आहे आणि त्यामुळेच निम्मी अधिक माणसाळलेली वाटते. शेवटी तिलाही भिंतीवर रक्ताचे डाग दिसतात. मूळ नाटकात बोलण्यातच असलेले लेकरू ह्या चित्रपटात प्रत्यक्ष जन्माला येते. पिता कोण हा संशय मागे ठेवून ती मरते, आणि ते मूल अब्बाजीची मुलगी व तिचा जोडीदार घेऊन जातात.